बँकॉकला गेलेली खुंटी

परदेश पाहून आलेल्या माणसाला आपलं गाव लहान वाटू लागतं, असं आजवरच्या सगळ्या थोर प्रवाशांनी एकमुखाने लिहून ठेवलं आहे. त्यांतला एकही प्रवासी मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष नसावा. सिंदेवाही तालुक्यातल्या सावरटोल्याचे मनसाराम भानारकर चार रात्री आणि पाच दिवस बँकॉक पाहून आले, तेव्हा गाव त्यांना होतं तेवढंच वाटलं. तेवढ्या अवधीत वाढला होता तो फक्त लटारू.

लटारू शेंडे हा सोसायटीचा उपाध्यक्ष. उपाध्यक्षाने काय काम करायचं, हे पोटनियमांत कुठेच लिहिलेलं नाही. लटारूने ते स्वतः शोधून काढलं होतं. अध्यक्ष कधी घसरतात याची वाट पाहायची, आणि वाट पाहताना त्यांना नमस्कार घालत राहायचं.

बँकॉकचं प्रकरण जाळ्यांवरून उपटलं. नागपूरच्या एका जाळीवाल्या कंपनीने नायलॉनच्या जाळ्यांवर लकी ड्रॉ ठेवला होता. विदर्भातल्या वीस सोसायट्यांचे नंबर लागले आणि प्रत्येक सोसायटीच्या एका माणसाला बँकॉकची वारी फुकट मिळाली. ही २००४ सालची गोष्ट. वारी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ठरली, कारण त्या दिवसांत बँकॉकला शहाणा माणूस जात नाही आणि हॉटेलं रिकामी असतात.

नेमका हाच आठवडा मनसारामभाऊंना नको होता.

सावरटोल्याच्या तलावाला जुन्या मालगुजाराने, म्हणजे जमीनदाराने, बांधलेला दगडी सांडवा आहे. तलाव भरला की जास्तीचं पाणी त्यावरून वाहतं आणि पाण्यासोबत मासेही जातात. सांडव्याच्या वरचा मासा सोसायटीचा आणि सांडव्याच्या खाली गेलेला मासा सगळ्या गावाचा, हा कायदा गावात संविधानाच्या आधीपासून लागू आहे. म्हणून तलाव सांडायच्या आधी तिथे बांबूची ताटी बांधतात. पाणी घाटाच्या तिसऱ्या पायरीला टेकलं की ताटीचा दिवस. पहिली खुंटी अध्यक्षाने ठोकायची, मग बाकीच्यांनी हात लावायचा. ज्याच्या हातची खुंटी, तो अध्यक्ष. मतदान वगैरे पुढे सप्टेंबरात सरकारी माणसाच्या समाधानासाठी होतं. आणि पाणी तिसऱ्या पायरीला यायच्या आत खुंटी ठोकली, तर पाऊस रुसतो. त्याला वाटतं, यांची तयारी झाली, आता आपलं काय काम.

मनसारामभाऊ निघाले तेव्हा पाणी दुसऱ्या पायरीवर होतं.

"मी नाई जात जी," ते आमसभेत म्हणाले. "ताटीचा टाइम आहे."

"जा ना भाऊ," लटारू म्हणाला. "आमच्या सात पिढ्यांत कोनी आरमोरीच्या पुढं नाई गेलं. तुमी जग पाहून या, आमाले सांगा. पाच दिवसांत काय तलाव पळून जाते?"

एवढ्या प्रेमाने लटारू आजवर स्वतःच्या बैलाशीही बोलला नव्हता. मनसारामभाऊंना संशय आला, पण तोवर टाळ्या वाजल्या होत्या, आणि टाळ्या वाजल्यावर नाही म्हणणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. ऊर्जानगरला ठेकेदाराकडे असलेल्या साळ्याने सूटकेस दिली. तिचं एक चाक गायब होतं. भाऊंच्या बायकोने, चंदाबाईंनी, तिच्यात सदरे, मोहरीच्या तेलाची बाटली आणि चार दिवस पुरेल एवढा चिवडा भरला. भाऊंनी सगळ्यांत शेवटी आणि गुपचूप ती खुंटी भरली.

खुंटी हातभर लांबीची, साजाच्या लाकडाची, डोक्याला लोखंडी कडं असलेली. त्यांच्या वडिलांच्या काळापासून अध्यक्षाच्या घरी, दारावरच्या कोनाड्यात असायची. अध्यक्ष परदेशी आणि खुंटी गावात, ही व्यवस्था भाऊंना पटेना.

"खुंटी कायले नेता जी?" चंदाबाईंनी विचारलं.

"राहू दे. ओळखीचं काहीतरी असावं सोबत."

कोलकात्याच्या विमानतळावर वर्दीतल्या माणसाने सूटकेस उघडायला लावली. त्याने खुंटी हातात घेतली, कडं वाजवून पाहिलं आणि प्रश्नार्थक चेहरा केला. टूर मॅनेजर सुरेंद्र नागपूरचा होता. केसांना जेल, गळ्यात शिट्टी. "पूजा का सामान है साहब," तो म्हणाला. वर्दीवाल्याने खुंटीला नमस्कार केला आणि परत ठेवली.

विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा होता. भाऊंनी विमानातल्या वर्दीवाल्या पोरीला हाक मारून पाणी मागितलं नाही की खिडकीतून ढग पाहिले नाहीत. ते अडीच तास नकाशा पाहत होते. खाली समुद्र, अलीकडे आपला देश, पलीकडे बँकॉक. आणि बँकॉक बरोबर पूर्वेला.

आता झाडीपट्टीतल्या माणसाला पूर्व म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगितलं पाहिजे. त्यांचा पाऊस पश्चिमेकडून येतो. आमचा खरा पाऊस, तलाव भरणारा, वैनगंगा फुगवणारा, भामरागडचा रस्ता आठ-आठ दिवस तोडणारा, तो पूर्वेकडून येतो. पूर्वेला काळं झालं की आम्ही गुरं आत घेतो. ते ढग मुळात कुठून येतात याचा विचार सावरटोल्यात कोणी केला नव्हता. मनसारामभाऊंना तो विमानात सुचला आणि तिथून त्यांची झोप गेली.

बँकॉकला उतरले तेव्हा पाऊस कोसळत होता.

"हा ढग कोणीकडं चालला?" भाऊंनी सुरेंद्रला विचारलं.

"ढग? भाऊ, आधी बसमधी बसा ना."

"पश्चिमेले चालला. आपल्याकडं." भाऊंनी बोटांवर हिशेब केला. विमानाला अडीच तास. ढग म्हणजे काय विमान नाही. मालगाडीच्या चालीने धरला तरी तीन दिवस. तीन दिवसांत हा सिंदेवाहीवर.

दुसऱ्या दिवशी शहर दाखवायला काढलं. शहर फार मोठं होतं. डोक्यावरून आगगाडी जात होती, तिच्या खालून रस्ता, रस्त्याच्या खालून दुसरा रस्ता. तीनचाकी रिक्षा अंगाला चाटून जात होत्या. वीस माणसं माना वर करून "अरे बापरे" म्हणत होती. मनसारामभाऊंचीही मान वर होती, पण ते ढग पाहत होते. खांद्याला नायलॉनची पिशवी, तिच्यात खुंटी. हॉटेलात खोली झाडणारी बाई रोज येते हे कळल्यावर त्यांनी ती तिथे ठेवायची बंद केली होती.

राजवाड्याच्या दारात पिशवी तपासली. इथेही खुंटी बाहेर आली आणि इथेही सुरेंद्रने पूजा सांगितली. आत सगळं सोन्याचं होतं. शिखरं, खांब, राक्षस. भाऊ म्हणाले, "चांगलं आहे. फोन कुठी आहे?"

"कोनता फोन?"

"गावाले लावाचा."

"भाऊ, जग इथी येते हे पाह्यले! लोकं मरून राह्यले यासाठी!"

"मरू दे. फोन कुठी आहे?"

फोन हॉटेलच्या बाजूच्या दुकानात होता. सावरटोल्यात फोन एकच, गुणाबाईंच्या किराणा दुकानातला. संध्याकाळी भाऊंनी लावला. घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, मग नुसती कूं-कूं. गावात पाऊस झाला की त्या फोनला नेहमी अशी कूं-कूं लागायची. भाऊ मटकन स्टुलावर बसले.

"काय झालं?" सुरेंद्रने विचारलं.

"लागला पाऊस."

"कोनी सांगतलं?"

"फोननं."

तिसऱ्या दिवशी सकाळी निजलेला बुद्ध पाहायला गेले. बुद्ध एवढा लांब की भाऊंना त्याची लांबी तलावाच्या पाळीवर मोजून पाहावीशी वाटली. मागे ओळीने भांडी मांडलेली होती. लोक एकेका भांड्यात नाणं टाकत पुढे सरकत होते आणि टणटण आवाज होत होता. भाऊंनीही नाणी घेतली. गोंदियाचे एक अध्यक्ष त्यांच्या मागे होते. ते म्हणाले, "काय मागतलं जी देवाले?"

"पाऊस थांबव म्हणलं."

"आमच्याकडं तर धान वाळून राह्यला!"

"तुमच्याकडं पाड. आमच्याकडं थांबव." एवढ्या बारीक तपशिलात परदेशी देवाशी बोलणं योग्य आहे का, याचा त्यांना विचार पडला, पण मागून रांग ढकलत होती.

दुपारी बाजार. तिथे मात्र भाऊ पहिल्यांदा थांबले. एका बाईच्या टोपल्यात जिवंत मरळी होत्या. काळ्या, सापाच्या डोक्याच्या, अगदी सावरटोल्याच्या. बाजूला त्याच मरळी मिठात माखून निखाऱ्यावर भाजत होत्या. भाऊंनी एक उचलली, कल्ला उघडून लाल आहे का पाहिलं, पोट दाबलं, परत ठेवली. बाई हसली. ते हसले. एक पाव मिनिट त्यांच्या जिवाला बरं वाटलं. मग त्यांना आठवलं, की ताटी नसली तर सगळ्यांत आधी मरळच सांडवा उतरते.

"चला," ते म्हणाले. "पुढचं काय आहे ते उरकून टाका."

पुढचं होतं नदीकाठचं देऊळ. तिथे घाट होता, आपल्यासारखाच, पायऱ्यांचा. पाण्यात पावाचे तुकडे टाकले की हातभर लांबीचे मासे एकमेकांच्या पाठीवर चढून तोंडं वासत होते. शेकड्याने. पाणी दिसत नव्हतं, मासेच दिसत होते.

"पकडत काऊन नाई कोनी?" भाऊंनी विचारलं.

"देवळाचे आहेत. इथी पकडायची बंदी आहे," सुरेंद्र म्हणाला.

"आन् देवळाच्या खाली गेले तर?"

"मंग पकडतात वाटते."

भाऊंनी मान हलवली. कायदा सगळीकडे सारखाच होता. ते पायरीवर बसले. बाकीचे देऊळ चढायला गेले, फोटो काढले, नारळाचं पाणी प्याले. भाऊ पाण्याकडे बघत होते. बसले तेव्हा पाणी दुसऱ्या पायरीवर होतं. दीड तासाने सुरेंद्र शिट्टी वाजवत आला, तेव्हा पाणी तिसऱ्या पायरीला टेकलं होतं.

"पाह्य!" भाऊ उभे राहिले. त्यांचा आवाज फाटला होता. "दीड घंट्यात एक पायरी!"

"ते भरतीचं पानी आहे भाऊ. समुद्राचं पानी नदीत उलटं येते म्हणतात."

"पानी उलटं येत नसते," मनसारामभाऊ म्हणाले. हे त्यांना सात पिढ्यांच्या अनुभवावरून माहीत होतं. वैनगंगा कधी उलटी आली नव्हती. "वर कुठीतरी फुटलं. तिसरी पायरी लागली, सुरेंद्र. तिसरी!"

"मंग? आपल्याले काय करायचं आहे?"

हे समजावणं शक्य नव्हतं. भाऊंनी पिशवीतून खुंटी काढली आणि हातात घेऊन उभे राहिले. हजार कोसांवर ती ठोकायला जागा नव्हती. देवळाच्या घाटावर एक बाई नातवाला पाव देत होती, ती नातवाला घेऊन थोडी लांब सरकली.

त्या क्षणी मनसारामभाऊंनी जो विचार केला, तो अध्यक्षाला न शोभणारा होता. सोसायटीने जुलैत तलावात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडली होती. पंचावन्न घरं त्यावर वर्ष काढणार होती. ती सगळी सांडव्यावरून गेली, तर खुंटी कोनाड्यात ठेवून तिला वर्षभर हळद-कुंकू लावत बसायचं काय? आणि ताटी लागायची तर कुणीतरी खुंटी ठोकलीच पाहिजे. कुणीतरी म्हणजे कोण, हे उघड होतं. त्यांनी खुंटी परत पिशवीत टाकली.

संध्याकाळी फोन लागला.

"हॅलो, कोन?" गुणाबाई.

"गुणाबाई, मी मनसाराम. बँकॉकवरून."

"अगं माय! भाऊ! कसं आहे जी तिकडं? जेवन भेटते का?"

"काल फोन काऊन नाई उचलला?"

"म्या भावाले राखी बांधाले नवरगावले गेली होती. आत्ता आली, अजून पिशवी नाई सोडली."

"पाऊस आहे का?"

"आभाळ तर आहे जी."

आभाळ आहे! भाऊ म्हणाले, "लटारूले बोलवा. लवकर. धावत पाठवा कोनाले."

पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन लावला. लटारू आला होता.

"बोला भाऊ. कसं आहे जग?"

"लटारू, ताटी बांध."

 लटारू म्हणाला, "खुंटी तर तुमच्यापाशी आहे म्हणते चंदाबाई."

"दुसरी घडव. तू ठोक."

"मी? नाई जी. माह्या हातानं कशी? तुमी अध्यक्ष."

"मी सांगून राह्यलो ना!"

"पानी अजून दुसऱ्या पायरीवर आहे भाऊ. आधी ठोकली तर पाऊस रुसन."

"नाई रुसत! मी पाह्यला तो पाऊस, डोळ्यानं पाह्यला, निघाला तो इथून! ठोक म्हणतो ना!"

"आवाज येऊन नाई राह्यला भाऊ. गुणाबाई, तुमी ऐका बरं जरा. काय म्हणतात अध्यक्ष?"

फोन गुणाबाईंकडे गेला. भाऊ बँकॉकच्या रस्त्यावर, आठ पदरी वाहतुकीच्या आवाजात, गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, "लटारूले म्हणा, खुंटी ठोक! माहा हुकूम आहे!"

"ऐकलं जी," गुणाबाई म्हणाल्या. "एवढं ओरडू नका, दुकानात लोकं हायेत."

फोन ठेवल्यावर भाऊंना हलकं वाटलं. अध्यक्षपद गेलं, पण मासोळी वाचली. त्या रात्री ते गाढ झोपले. शेवटच्या दिवशी त्यांनी बँकॉक खरोखर पाहिलं. सरकत्या जिन्यावरून चारदा वर गेले आणि चारदा खाली आले. चंदाबाईंसाठी हत्तीचं चित्र असलेली पिशवी घेतली. सुरेंद्रला ते म्हणाले, "चांगलं शहर आहे. आधी काऊन नाई दाखवलं?"

परतताना सिंदेवाही स्टेशनवर उतरले तर फलाटावर धूळ होती. जीपच्या मागे धूळ होती. धानाच्या बांधीत भेगा होत्या. भाऊ घरी न जाता थेट सांडव्यावर गेले. ताटी बांधलेली होती, सरळ, ताणून, एका फटीतून बोट जाणार नाही अशी. मधोमध नवी खुंटी. खुंटीवर कोळ्याने जाळं विणलं होतं आणि त्या जाळ्यावर धूळ बसून तेही जुनं झालं होतं.

चंदाबाई घाटावर कपडे धूत होत्या. पाणी दुसऱ्या पायरीच्याही खाली गेलं होतं.

"दोन दिवसांत एवढं जाळं विणते काय कोळी?" भाऊंनी विचारलं.

"दोन दिवस कुठचे? तुमची जीप मोडावर वळली आन् लटारूनं खुंटी ठोकली. त्याच्या घरचे चार जन होते, आन् मी इथी कपडे धूत होती. घडवूनच ठेवली होती त्यानं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी मले फोन केला काय?" चंदाबाईंनी सदरा दगडावर आपटला. "लटारूशी बोलले तुमी. जग पाहून राह्यले होते."

भाऊ तिथेच पाळीवर बसले. हिशेब सोपा होता. ते गप्प बसले असते, तर पाणी यायच्या आत खुंटी ठोकून पाऊस घालवणारा माणूस म्हणून लटारू आज गावात तोंड दाखवू शकला नसता.

आठवड्याने पाळीवर बैठक बसली. म्हातारे इसरूबुवा म्हणाले, तिसरी पायरी लागायच्या आत खुंटी कोणी ठोकली? पाऊस कोणी घालवला? लटारू हात जोडून उभा राहिला. "म्या तर नाईच म्हणत होतो जी. अध्यक्षाचा हुकूम. इचारा गुणाबाईले."

"हो," गुणाबाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "म्या माह्या कानानं ऐकलं. बँकॉकवरून ओरडले."

"अरे, त्यानं मी गेलो त्याच दिवशी ठोकली!" मनसारामभाऊ म्हणाले. "चंदाबाईनं पाह्यलं."

"चंदाबाई तुमची बायको," इसरूबुवा म्हणाले.

"आन् त्या कोळ्याच्या जाळ्यावरची धूळ?"

बैठकीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. परदेशी हवा लागलेल्या माणसाशी वाद घालू नये, असं सर्वांच्या चेहऱ्यावर होतं. लटारूच्या घरची चार माणसं खाली मान घालून काड्या मोडत होती.

सप्टेंबरात निवडणूक झाली. लटारू अध्यक्ष झाला. जुनी खुंटी मनसारामभाऊंनी हत्तीच्या पिशवीत घालून त्याच्या घरी नेऊन दिली. त्याने पिशवीही ठेवून घेतली.

तलाव त्या वर्षी सांडला नाही.